स्टीव्ह रोचचा 'स्ट्रक्चर्स फ्रॉम सायलेन्स': एवढे लेअर असून मोकळं कसं वाटतं? माझा तर गाळ होतोय

मध्यरात्र_मोड

नमस्कार मंडळी, इथे सिंथवाले (सिंथेसायझर वाजवणारे) पण आहेत आणि नुसते ऐकणारे पण आहेत म्हणून एकाच धाग्यात दोन प्रश्न टाकतोय, चालवून घ्या.

हल्ली रात्री काम करताना स्टीव्ह रोच या अमेरिकन सिंथवाल्याचा 'स्ट्रक्चर्स फ्रॉम सायलेन्स' लावून बसतो. १९८४ चा अल्बम, तीनच ट्रॅक, सगळं मिळून तासाभराच्या आत. पहिल्यात ('रिफ्लेक्शन्स इन सस्पेन्शन') एक हलकी सिक्वेन्स (पुन्हा पुन्हा वाजणारी सुरांची ओळ) फिरत राहते आणि तिच्या मागे पॅड (लांबवलेले मऊ सूर) फुगतात, विरतात. दुसरा 'क्वाएट फ्रेंड', तो त्याहून संथ. आणि तिसरा टायटल ट्रॅक, एकटाच २८ मिनिटांच्या वर. ड्रम नाहीत, गाणं नाही, ड्रॉपबिप तर विषयच नाही.

पहिला प्रश्न: यात घडत काहीच नाही तरी बंद करावंसं का वाटत नाही? 'रिलॅक्सिंग म्युझिक ८ तास' छापाचं काही लावलं की दहा मिनिटांत डोकं उठतं, मग फरक नेमका कुठे आहे?

दुसरा: असंच काहीतरी करून बघू म्हणून लॅपटॉपवर बसलो. फुकटातले प्लगइन (सॉफ्टवेअरमधले सिंथ), सहा-सात पॅडचे लेअर, प्रत्येकावर मोठ्ठा रिव्हर्ब (घुमारा). एकेक लेअर सोलो केला की झकास वाटतो आणि सगळे चालू केले की नुसता गाळ, खाली घूंघूं आणि वर धुरळा. रोचच्या इथे थर आहेत हे कळतं, पण प्रत्येक थर वेगळा ऐकू येतो. हे मिक्सिंगचं कसब आहे की सिंथच महागाचा आहे? 'महागाचा सिंथ घे' असं उत्तर असेल तर तसं सांगा, निदान आशा तरी सुटेल.

---

पॅचकेबल

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

सिंथ महागाचा होता हे खरंय. तेव्हाचा त्याचा मुख्य सिंथ ओबरहाइम ओबी-८, १९८३ चं मॉडेल, पूर्ण ॲनालॉग आवाज, आठ व्हॉइस आणि प्रत्येक व्हॉइसला दोन ऑसिलेटर (मूळ सूर काढणारी सर्किटं). पण गंमत त्याच्या किमतीत नाहीये, गंमत त्या आठ आकड्यात आहे. एका वेळी आठच सूर वाजणार, नववा दाबलास की आधीचा एखादा कापला जाणार. शिवाय त्यात डबल मोड आहे, दोन वेगळे पॅच (सेट केलेले आवाज) एकावर एक चढवता येतात, पण तसं केलं की हातात चारच सूर उरतात. आता तुझ्याकडचा हिशोब कर. सात लेअर, चार सुरांची कॉर्ड, म्हणजे एका दाबात २८ सूर. रिलीज (बोट उचलल्यावर सूर विरायला लागणारा वेळ) दहा सेकंद ठेवला असशील (सगळे ठेवतात) तर पुढची कॉर्ड येईपर्यंत आधीचे गेलेलेच नसतात, झाले ५६. त्यावर सात रिव्हर्ब. गाळ होणार नाही तर काय होणार सांग.

आठ व्हॉइसच्या सिंथवर पॅड वाजवणारा माणूस आपोआप कंजूष होतो. खाली एकच सूर ठेवतो, मधला एखादा गाळतो, वरचे लांब लांब पसरून घेतो, आणि आधीची कॉर्ड विरत आल्याशिवाय पुढची दाबत नाही, कारण दाबली तर शेपूट कापली जाते आणि ते लगेच कानाला कळतं. टायटल ट्रॅकमधल्या कॉर्ड कशा येतात ते या नजरेने ऐक. येते, भरते, ओसरते, मग थोडा वेळ जवळजवळ काहीच नाही, मग पुढची. त्या मधल्या वेळामुळे तुला थर वेगळे ऐकू येतायत.

ओबी-८ ची अजून एक खासियत म्हणजे प्रत्येक व्हॉइसला वेगळा पॅन असतो. कॉर्डमधला एक सूर डावीकडे, दुसरा थोडा उजवीकडे, तिसरा मधे, असे आठ सूर आठ जागी ठेवता येतात. त्यात सर्किट ॲनालॉग, त्यामुळे प्रत्येक व्हॉइस ट्यूनिंगला आणि फिल्टरला शेजारच्यापेक्षा तसूभर वेगळा. पॅच एकच, पण माणसं आठ गातायत. प्लगइनमध्ये हे मिळतं, व्हॉइस स्प्रेड किंवा ड्रिफ्ट असल्या नावाचा नॉब शोध, बहुतेक वेळा तो शून्यावर पडलेला असतो.

आता डिट्यून, म्हणजे ऑसिलेटर एकमेकांपासून किंचित हलवून ठेवणं. इथे पॅडचा सत्यानाश होतो. दोन ऑसिलेटरमध्ये ३ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक ठेवलास तर ११० हर्ट्झच्या सुरावर साधारण पाच सेकंदांत एक हेलकावा येतो, छान, श्वासासारखा. तोच फरक दोन सप्तक वर ४४० ला गेला की हेलकावा सव्वा सेकंदावर येतो. म्हणजे खालचा थर डुलतोय आणि वरचा थरथरतोय. सात लेअरना सात वेगळे डिट्यून दिलेस की कुठला हेलकावा कोणाचा हेच कळत नाही, कान दमतो. वरच्या लेअरला डिट्यून कमी ठेव किंवा काढूनच टाक.

आता फुकटातलाच उपाय सांगतो. सातचे तीन लेअर कर. खालचा एकसुरी. मधला फिल्टर बराच बंद करून, कटऑफ (फिल्टर जिथून वरचं कापतो ती जागा) हजार-बाराशे हर्ट्झच्या आसपास, अटॅक (सूर भरायला लागणारा वेळ) चार-पाच सेकंद. वरचा बारीक, अधूनमधून येणारा. खालचा सोडून बाकी सगळ्यांना लो कट, म्हणजे २०० हर्ट्झच्या खालचं कापून टाक. रिव्हर्ब एकच, सेंडवर (सगळ्या लेअरना मिळून), आणि त्या रिव्हर्बलाही लो कट (हे नव्वद टक्के लोक करत नाहीत आणि मग घूंघूंची तक्रार करतात). आणि फिल्टर हलवणारे एलएफओ (संथ हेलकावे देणारे ऑसिलेटर) टेम्पोला सिंक करू नकोस. एकाला ७ सेकंद, दुसऱ्याला ११, तिसऱ्याला १३ दे. तिघं पुन्हा एकत्र येणार १००१ सेकंदांनी, म्हणजे पावणेसतरा मिनिटांनी. अल्बमचा पहिला ट्रॅकही जवळपास तेवढाच आहे, निव्वळ योगायोग, पण मला उगाच भारी वाटतं.

---

काळी_चार

पॅचकेबल यांचं तांत्रिक डोक्यावरून गेलं पण १३ आणि ११ सेकंदांचं कळलं :) मी गाते, सिंथमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण पहिल्या प्रश्नावर थोडं बोलते.

'काही घडत नाही तरी बंद करावंसं वाटत नाही' हे आमच्याकडे रोजचं आहे, तानपुरा. चार तारा, तेच तीन सूर. पण जवारी (घोडीवर तार झंकारते ती बसवणी) नीट लागलेली असली की प्रत्येक वेळी तार सुटते तेव्हा आत काहीतरी सरकत जातं. आधी आघात, मग सूर उघडतो, मग वरचे सूक्ष्म सूर एकेक करून दिसायला लागतात, आणि खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो जो कोणी लावलेलाच नाही. आम्ही त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. आमच्या तानपुऱ्याची जवारी मिरजेहून करून आणली तेव्हा कारागिरांनी घोडीवरच्या तारेखालचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवून दाखवला होता, तेवढ्याशा फरकाने आवाज बंद होतो आणि खुलतो. नंतर पाहुण्यांपैकी कोणीतरी कौतुकाने तो दोरा ओढला, तो किस्सा वेगळा.

आता ॲपवरचा तानपुरा घ्या. सोय आहे, प्रवासात मीही लावते. पण अर्ध्या तासात कंटाळा येतो, कारण रेकॉर्ड केलेला एक तुकडा पुन्हा पुन्हा फिरत असतो. आपण लक्ष देत नसलो तरी कान ते पकडतोच. तुमचं 'आठ तास रिलॅक्सिंग' बहुतेक तसलंच असणार, तीन मिनिटांचा तुकडा आणि त्याच्या कॉप्या. धाग्यात नाव वाचून मी हा अल्बम काल लावला, त्यातला पहिला तुकडा फिरतो पण जसाच्या तसा परत येत नाही, फिरणारे सूर तेच असले तरी मागचं बदललेलं असतं. तिसरा जास्त आवडला. दुसरा मला जरा रडका वाटला, क्षमस्व.

---

कटिंग_हाफ

मी ही लावला. टायटल ट्रॅकच्या सहाव्या मिनिटाला झोपलो, शेजारच्याच्या कुकरच्या शिट्टीने उठलो, तेव्हाही तेच चालू होतं.

मस्करी सोडा, पण खरंच विचारतो, यात आणि स्पामध्ये लावतात त्यात फरक आहे असं आपण स्वतःला पटवतोय का? १९८४ चं आहे, ॲनालॉग आहे, परदेशी आहे म्हणून 'ध्यानमग्न', आणि तेच कोणी ठाण्यात बसून केलं तर 'पार्लरचं म्युझिक'. थोडा हा पण भाग आहे की नाही?

---

पॅचकेबल

@कटिंग_हाफ आहे, थोडा आहे. आणि स्पावाल्यांनी हे जे सगळं उचललंय ते याच लोकांकडून उचललंय, त्यामुळे चव ओळखीची लागणारच. पण हेडफोन लावून दोन्ही पाठोपाठ ऐक. स्पावाल्यात बासरी, पाण्याचा आवाज, पक्षी, सगळं सतत तुला सांगत असतं की बघ शांत वाटतंय ना, वाटतंय ना. रोच काही सांगायला येत नाही. झोप आली तर झोप, त्यालाही हरकत नसावी.

@काळी_चार तानपुऱ्याचं अगदी पटलं, विशेषतः ॲपचं. ब्रायन एनो या ब्रिटिश संगीतकाराने १९७५ च्या 'डिस्क्रीट म्युझिक'मध्ये हाच प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवलाय. त्यात सिंथच्या दोन छोट्या सुरावटी आहेत, एक ६३ सेकंदांची, दुसरी ६८ सेकंदांची, दोन्ही फिरत राहतात. त्या दोघी पहिल्यासारख्या एकमेकींवर परत येऊन बसायला सत्तर मिनिटांच्या वर लागतील, आणि तो ट्रॅक आहे साधारण अर्ध्या तासाचा. म्हणजे सगळं पुन्हा पुन्हा तेच वाजतंय आणि तरी तीच जुळणी एकदाही परत येत नाही.

---

सोनोरन

धागा छान चाललाय, मधे घुसतो. मी ॲरिझोनात असतो, फिनिक्सला. रोच नंतर टुसानकडे राहायला आला, इथून गाडीने दोनेक तास, त्यामुळे इकडे त्याचं नाव निघालं की लोक लगेच 'वाळवंटाचं संगीत' म्हणून मोकळे होतात. पण 'स्ट्रक्चर्स' त्याच्या आधीचा, लॉस एंजेलिसच्या काळातला आहे. माणूस मूळचा दक्षिण कॅलिफोर्नियाचा, तरुणपणी मोटोक्रॉस रेसिंग करायचा. हे वाचल्यापासून मला तो पहिला ट्रॅक ऐकताना हसू येतं, धुरळा उडवत मोटरसायकल हाणणारा पोरगा आणि हे संगीत. वाळवंटात तो भटकायचा, ते त्याच्या कामात आहेच, नाही असं नाही. पण या अल्बममध्ये मला वाळवंटापेक्षा बंद खोली जास्त ऐकू येते. दार लावून घेतलेली, रात्रीची.

@काळी_चार ताई, तानपुऱ्याशी तुलना इथपर्यंत ठीक की दोन्हीकडे आत हालचाल आहे. पण एक फरक मोठा आहे. तानपुरा षड्ज सोडत नाही, त्याच्यावर सगळं उभं राहतं. रोच सरळ कॉर्ड बदलतो. टायटल ट्रॅकमध्ये पायाच सरकतो आणि परत जागेवर येतो, त्या येण्या-जाण्यातच त्याचं सगळं आहे. त्याची परंपरा बर्लिनच्या सिंथवाल्यांची, क्लाउस शुल्झ, टँजरीन ड्रीम ही मंडळी. शुल्झचा १९७५ चा 'टाइमविंड' ऐका, दोनच ट्रॅक, दोन्ही अर्ध्या अर्ध्या तासाचे, सिक्वेन्सर धावतोय आणि वर सिंथचे ढग. रोचने तिथला वेग काढून टाकला आणि ढग ठेवले, असं माझं मत.

आपल्या संगीताशी थेट धागा असलेली अमेरिकन मंडळी वेगळी, टेरी रायली आणि ला माँट यंग. ते १९७० पासून पंडित प्राणनाथांकडे शिकले, आणि प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. मिरज म्हटलं की आपल्याला अब्दुल करीम खाँसाहेब आठवतात, तेच घराणं. तिकडे तानपुरा खरोखरच मध्यभागी आहे. रोचला त्या रांगेत बसवू नका एवढंच.

---

काळी_चार

@सोनोरन बरोबर, कॉर्ड बदलते तिथे मला पहिल्यांदा जरा धक्काच बसला होता, षड्ज हलल्यासारखा. दुसऱ्यांदा ऐकताना त्या जागेची वाट बघायला लागले. प्राणनाथांचे हे शिष्य माहीत नव्हते, शोधते.

तरी तुलना मी पूर्ण सोडणार नाही हं. मी सूर कुठे जातो त्याबद्दल बोलतच नव्हते, एक सूर आत कसा बदलतो त्याबद्दल बोलत होते. त्या बाबतीत तुमच्या फिल्टरवाल्यांचं आणि जवारीवाल्यांचं काम एकच आहे असं मला अजून वाटतं. सूर तोच ठेवायचा आणि त्याच्या आतलं कमीजास्त उघडायचं.

---

पॅचकेबल

हे मान्य. कटऑफ उघडला की तेच होतं, वरचे हार्मोनिक एकेक करून आत येतात. फरक एवढाच की तुमच्याकडे प्रत्येक छेडीला होतं आणि आमच्याकडे एलएफओच्या मर्जीने.

---

मध्यरात्र_मोड

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

@पॅचकेबल तू सांगितल्याप्रमाणे सातचे तीन केले. चार लेअर डिलीट करताना जीवावर आलं, एकेकावर संध्याकाळ घालवली होती, पण केले. रिव्हर्ब एकच ठेवला, त्याला लो कट मारला, आणि घूंघूं जवळजवळ गेलीच. ड्रिफ्टचा नॉब खरंच शून्यावर होता! थोडासा वर केल्यावर एकदम रुंद वाटायला लागलं. एलएफओ ७, ११, १३ लावलेत, तासभर नुसता कॉर्ड दाबून ऐकत बसलो, आई येऊन विचारून गेली की फ्रिज बिघडलाय का.

आता अडचण अशी की मोकळं झालंय पण थोड्या वेळाने रिकामं वाटतंय. रोचचं मोकळं आहे, रिकामं नाही. तिथे वरचा जो बारीक सूर येतो तो अगदी वेळेवर आल्यासारखा वाटतो, माझा कधीही टपकतो. ते रँडमवर ठेवू की हाताने वाजवू?

आणि ऐकणाऱ्यांना, याच्यानंतर काय ऐकू? आणि कुठली आवृत्ती घेऊ, दोन-तीन दिसतायत.

---

सोनोरन

आवृत्तीचं मी सांगतो. तीस वर्षं झाली तेव्हा २०१४ ला तीन सीडींची आवृत्ती आली, त्यात मूळ अल्बम रीमास्टर केलेला आणि सोबत त्याच धाटणीचं दोन सीडीभर नवीन संगीत. नवीन ऐकणाऱ्याने मूळचाच घ्यावा, बाकीच्या दोन नंतर. विनाइलचा मोह होईल, माझंही कपाट भरलंय, पण गणित बघ: पहिले दोन ट्रॅक मिळून तीसेक मिनिटं एका बाजूला, टायटल ट्रॅक दुसऱ्या बाजूला. एका बाजूला एवढा वेळ बसवायचा म्हणजे खाचा जवळजवळ घ्याव्या लागतात आणि आवाजाची पातळी खाली आणावी लागते. संगीत आधीच हळू, त्यात पातळी कमी, मग सुईची खरखर वर येते. ज्या अल्बमचं नावच सायलेन्स आहे त्याला हे परवडत नाही. सीडी किंवा फ्लॅक (दर्जा न घटवणारी फाइल).

पुढे रोचचाच 'ड्रीमटाइम रिटर्न' ऐक, १९८८, डबल अल्बम, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या ड्रीमटाइमच्या कल्पनेवर. तो जास्त भरलेला आहे, ताल पण आहेत. आणि त्याच्या आधी 'एम्पेटस', १९८६, तो पूर्ण सिक्वेन्सरचा धावता, रात्री लावू नकोस.

---

कटिंग_हाफ

आमच्या मुंबईचं पण एक नाव घ्या की राव. चरणजीत सिंग, १९८२, राग घेऊन ८०८, ३०३ आणि ज्युपिटर-८ या रोलंडच्या यंत्रांवर डिस्को बीट. तेव्हा कोणी विचारलं नाही, २०१० ला पुन्हा निघाला तेव्हा अख्खं जग ॲसिड हाउस या नाचाच्या संगीताचा पूर्वज म्हणून नाचायला लागलं. ध्यानबिन लागणार नाही, झोप तर अजिबात नाही, पण सिंथच्या धाग्यात तो नसेल तर पाप लागेल.

---

पॅचकेबल

कटिंगने सहाव्या मिनिटानंतर पहिल्यांदा कामाचं काही बोललं.

@मध्यरात्र_मोड रँडम नको. खालचे दोन लेअर यंत्रावर सोडलेस ना, मग वरचा हातानेच वाजव, आणि मुख्य म्हणजे रेकॉर्डिंग चालू करून एका दमात वाजव, माउसने सूर टाकत बसू नकोस. खालची कॉर्ड भरून ओसरायला लागली की वरचा सूर दे, भरत असताना देऊ नकोस, तिथे तो बुडतो. तुझा 'कधीही टपकतो' तो बहुतेक भरत्यावर पडतोय. आणि एक डिले (प्रतिध्वनी) घे, दोन-अडीच सेकंदांचा, फीडबॅक तीस-पस्तीस टक्के, रिव्हर्बच्या आधी. म्हणजे एकच सूर दिलास तरी तो दोन-तीनदा फिका होत परत येतो आणि रिकामपण भरतं, नवा लेअर न चढवता.

वाजवताना व्हॉल्यूम कमी ठेव. मोठ्याने ऐकत केलं की सगळंच भारी वाटतं आणि हात आवरत नाही.

झालं की इथे टाक, पण पंधरा मिनिटांचं तरी असू दे, दोन मिनिटांच्या क्लिपवर मी काही बोलणार नाही. आणि १२८ चा एमपी३ नको, वरच्या बारीक सुरांची वाट लागते त्यात.

---

मध्यरात्र_मोड

शनिवारी टाकतो. आईला आधीच सांगून ठेवलंय की फ्रिज ठीक आहे.